ज्याचा सातबाराच नाही, ते सरकार विकत कसं घेणार?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा हिशेब चालला होता. आपल्या एक मावशी मनमाडच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसतात. त्या मध्येच म्हणाल्या, "मॅडम, तिकडं डहाणूला सरकार समुद्र विकत घेतंय म्हणं. मग माझे बोंबील कुठून यायचे?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण परत येताना गाडीवर डोक्यात तेच फिरत होतं. सरकार समुद्र खरंच विकत घेतं का? घेत असेल तर पैसे कुणाला देतं? आणि रोज पहाटे टोपली उचलणाऱ्या बाईला त्यातलं काय मिळतं?

आपल्याकडं समुद्र नाही, वाघदर्डीचं धरण भरलं तरी आपल्याला दिवाळी. मग हे आपल्या अंकात कशाला, असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. हा विषय फिरून आपल्याच दारात येतो.

आधी मावशी ज्याबद्दल बोलत होत्या ते सांगते. पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात वाढवण नावाचं गाव आहे. आजूबाजूला वरोर, चिंचणी, धाकटी डहाणू अशी मच्छीमारांची आणि बागायतीची गावं. इथं देशातलं एक सगळ्यात मोठं बंदर होतंय. केंद्रीय मंत्रिमंडळानं १९ जून २०२४ ला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर. त्यात ७४ टक्के वाटा न्हावा-शेवाचं बंदर चालवणाऱ्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आणि २६ टक्के आपल्या राज्याच्या सागरी मंडळाचा.

हे बंदर जमिनीवर नाही, समुद्रात भराव टाकून उभं राहणार आहे. भराव किती? १,४४८ हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त. रस्ता आणि रेल्वे जोडायला जमीन लागेल ती वेगळी.

आता मावशींच्या प्रश्नाकडं येऊ. एवढा समुद्र सरकारनं कुणाकडून विकत घेतला?

कुणाकडूनच नाही. समुद्राचा तळ, खाडी, भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथपर्यंतचा किनारा, हे आपल्या जमीन महसूल संहितेप्रमाणे सरकारचंच धरलं जातं. १९६६ चा कायदा आहे, कलम २०. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर ते सरकारी. म्हणजे सरकारच्या कागदावर तिथं विकत घेण्यासारखं काही नव्हतंच. वस्तू आपलीच, मग पैसे कुणाला द्यायचे?

आणि इथंच सगळ्या भांडणाचं मूळ आहे. कागदावर समुद्र सरकारचा, पण वापरात पिढ्यानपिढ्या मच्छीमारांचा. कोणत्या खडकात शेवंड सापडते, डोल जाळं कुठं लावायचं, कोणत्या गावाची हद्द कुठं संपते, हे त्यांना तोंडपाठ असतं. पण हे कुठल्याच तलाठ्याच्या दप्तरात नाही.

आपल्याला समजायला गायरानाचं उदाहरण घ्या. गावाचं गायरान कुणाच्या नावावर नसतं. तरी तुमची शेळी तिथंच चरते, सरपण तिथूनच येतं, पावसाळ्यात तरोटा, कुरडू तिथंच खुडता. उद्या गायरानावर मोठा प्रकल्प आला तर सातबाराच्या उताऱ्यावर तुमचं नाव नाही म्हणून तुमचं नुकसान शून्य. पण घरात दूध बंद होतं, त्याचं काय? किनाऱ्यावरच्या बाईचंही तेच दुखणं आहे.

खरी खरेदी कधी झालीच नाही असं मात्र नाही. मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. पहाटे तिथं मासळीचा घाऊक बाजार भरतो, बायका कोळंबी सोलायला बसतात, बर्फाच्या गाड्यांची रांग लागते. ही गोदी १८७५ साली ससून या व्यापारी घराण्यानं स्वतःच्या पैशानं बांधली, तीही मासळीसाठी नाही, कापसाच्या व्यापारासाठी. चारच वर्षांत, १८७९ मध्ये, ती खाजगी मालकाकडून विकत घेऊन पोर्ट ट्रस्टकडं आली. मासळीचा मोठा बाजार तिथं नंतर वसला. मालकी आजही बंदर प्राधिकरणाची आहे. मासळीवर जगणारे तिथं भाडेकरू. त्यामुळं भाडं, जागेचे करार, जागा रिकामी करा अशा नोटिसा, यावरून वाद अधूनमधून डोकं वर काढतात. पण दुसरी बाजूही बघा. कुलाब्यासारख्या ठिकाणी, जिथं एकेक खोली कोटीत जाते, तिथं पाण्याकाठी मासळीचा बाजार अजून टिकलाय, कारण ती जागा सार्वजनिक संस्थेकडं आहे. खाजगी मालक असता तर तिथं कधीच टॉवर झाला असता, असं आपलं माझं मत.

म्हणजे सरकारनं किनारा घेणं वाईटच असतं असं नाही. अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे, तिथं खेकडे-शेवंडीची मासेमारी मोठी. श्रीमंत लोक बंगले बांधायला धक्के विकत घ्यायला लागले, तेव्हा तिथल्या लोकांनी २००५ मध्ये मतदान करून सरकारी पैसा वेगळा काढायला लावला. त्या पैशातून सरकार धक्क्याच्या मालकाकडून 'इथं बंगला बांधायचा हक्क' तेवढा विकत घेतं. मालक तोच राहतो, पण धक्का कायम मासेमारीलाच वापरायचा, असं लिहून घेतलं जातं. मला ही कल्पना फार आवडली. सरकार तिथं पैसा मोजतं तो काम चालू राहावं म्हणून.

वाढवणला मात्र तसं नाही. तिथं बंदर येणार म्हणजे मासेमारीची जागा भरावाखाली जाणार. उरलेल्या पाण्यात मोठ्या जहाजांची वाट असेल, तिथं जाळं लावता येणार नाही.

या बंदराचा इतिहासही जुना आहे. १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ मध्ये तालुक्यासाठी खास प्राधिकरण बसलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. एका परदेशी कंपनीला तेव्हा वाढवणलाच बंदर बांधायचं होतं. प्राधिकरणानं १९९८ मध्ये स्पष्ट सांगितलं, इथं बंदर होणार नाही. गावकऱ्यांना वाटलं, विषय संपला. मग काही वर्षांनी प्रस्ताव पुन्हा आला, आणि त्याच प्राधिकरणानं जुलै २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली. तोपर्यंत अध्यक्ष बदलले होते. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विरोधातल्या याचिका फेटाळल्या. प्रकरण पुढं सर्वोच्च न्यायालयातही गेलं.

आता दोन्ही बाजू काय म्हणतात ते बघू. एकच बाजू सांगितली तर मीच तुम्हाला फसवल्यासारखं होईल.

सरकार म्हणतं, आताची मालवाहू जहाजं इतकी मोठी झालीत की त्यांना खोल पाणी लागतं. वाढवणजवळ सुमारे २० मीटर खोली नैसर्गिकच मिळते. बंदर समुद्रात असल्यामुळं गावं उठवावी लागणार नाहीत. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून १२ लाख लोकांना काम मिळेल. आणि ताई, यात आपलाही स्वार्थ आहे, तो लपवायचा नाही. लासलगावचा, येवल्याचा, आपल्या मनमाडचा कांदा आणि निफाड-दिंडोरीची द्राक्षं परदेशात जातात ती बरीचशी न्हावा-शेवाच्या बंदरातून. बंदरावर कंटेनर अडकला की इकडं बाजार समितीत भाव पडतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. बंदर वाढलं तर कांदेवाल्या घराला फायदा होऊ शकतो.

मच्छीमार म्हणतात, हा खडकाळ, उथळ किनारा म्हणजे माशांचं बाळंतपणाचं घर आहे. मासे तिथं अंडी घालतात, पिल्लं वाढतात. ते भरावाखाली गेलं तर नुसतं वाढवणचं नाही, आजूबाजूच्या सगळ्या गावांचं जाळं रिकामं येणार. घर उठवणार नाही म्हणता, पण घर ठेवून चूल विझवली तर त्याला काय म्हणायचं? आणि १२ लाख कामं कुणाला? क्रेन चालवायला शिकलेली मुलं लागतील. बोंबील वाळवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला बंदरात काय काम देणार? या प्रश्नाचं पटेल असं उत्तर मला अजून कुठं वाचायला मिळालं नाही. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समितीच्या आंदोलनांत बायका पुढं असतात, त्याचं कारण मला हेच वाटतं.

नुकसानभरपाईचं पुढं काय होतं, हे बघायला उरणकडं जावं लागेल. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी जे शेवा कोळीवाड्याचे लोक उठवले, त्यांना हनुमान कोळीवाडा म्हणून नवी वस्ती दिली. जागा अपुरी, त्यात नव्या घरांना वाळवी लागली. चौकटी, दारं, भिंती पोखरल्या. ती माणसं वर्षानुवर्षं पुन्हा दुसरी जागा मागत राहिली.

पुढं बंदराच्या वाढीत खारफुटी गेली, खाडीत भरतीचं पाणी यायचं अडलं, मासळी घटली. तेव्हा पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडं गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये लवादाच्या पुणे खंडपीठानं निकाल दिला, १,६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख रुपये द्या. एका कुटुंबाला साधारण पावणेसहा लाखांच्या वर. निकाल आला आणि दुसऱ्या दिवशी पैसे हातात पडले, असं झालं नाही. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं. पण त्यातली एक गोष्ट पक्की धरून ठेवा. या लोकांकडं समुद्राचा सातबारा नव्हता. तरी लवादानं मान्य केलं की मालकी नसली तरी उपजीविका गेली, तर भरपाई द्यावी लागते.

वरळीच्या कोळ्यांनी आणखी वेगळं केलं. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब त्यांच्या बोटींच्या वाटेत येत होते. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं होतं. ते म्हणाले, पैसे नंतर बघू, आधी आमची बोट जाऊ द्या. बरंच भांडल्यावर तो गाळा १२० मीटर झाला. त्यांची मागणी त्याहून जास्तीची होती, पण वाट तर राहिली. मला हे भांडण जास्त शहाणपणाचं वाटतं. भरपाई एकदा येते आणि संपते.

आता बायकांचं बघू, कारण आपल्या संघासाठी खरा मुद्दा इथं आहे.

भरपाईची यादी करायची वेळ येते तेव्हा साहेब कागद मागतो. बोटीचा परवाना आहे का? मच्छीमार सोसायटीचं सभासदत्व आहे का? दोन्ही बहुतेक पुरुषाच्या नावावर. मासळी उतरली की ती निवडणं, धुणं, बांबूवर टांगून वाळवणं, टोपली भरणं, एसटीनं बाजार गाठणं, उधारी वसूल करणं, हे सगळं बाई करते. पण या कामाचा परवाना नसतो. म्हणजे यादीत ती कुणाची तरी बायको म्हणून येते. नवरा वारलेला असेल, सोडून गेला असेल, तर येतच नाही. आपल्या मावशी तर आणखी लांब, मनमाडच्या बाजारात बसलेल्या. त्यांना कुणी 'प्रकल्पग्रस्त' म्हणणार नाही.

कायद्यात मात्र दार थोडं उघडं आहे. २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा वाचला तर 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नाही. त्या जमिनीवर तीन वर्षांपासून मजुरी करून जगणारं कुटुंब येतं, कूळ येतं, कारागीर येतात. जंगल किंवा पाण्यावर जगणारी कुटुंबं येतात, आणि त्यात मच्छीमार हा शब्द स्पष्ट लिहिलाय. आणखी एक ओळ मी लाल पेनानं अधोरेखित करून ठेवलीय. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब धरायचं. सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावाखाली नाही, स्वतंत्र.

वाढवणच्या मच्छीमारांची अडचण अशी की हा कायदा 'जमीन घेतली तर' लागतो. समुद्रात भराव टाकला तर जमीन कुठं घेतली? त्यामुळं किनाऱ्यावरच्या प्रकल्पांसाठी वेगळं धोरण हवं, ही मागणी होती. ठाणे खाडीवरच्या नव्या पुलाच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं राज्याला तसं सांगितलं, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारनं मच्छीमारांच्या भरपाईचं धोरण काढलं. धोरण निघालं तरी शेवटी प्रश्न तोच, यादीत नाव कुणाचं?

आता आपल्या दाराशी येते. मनमाड–इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळानं २ सप्टेंबर २०२४ ला मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८ हजार कोटींचं काम, मनमाडहून मालेगाव, धुळ्यामार्गे. रेल्वे आपल्याला परकी नाही, हे गावच रेल्वेवर मोठं झालंय, आणि हा मार्ग व्हावा म्हणून लोकांनी कितीतरी वर्षं वाट पाहिली. मलाही तो हवाय. पण मार्ग म्हटला की जमीन आली. जमीन जाईल त्या घरात सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं, पैसा त्याच्या खात्यात. आणि त्याच शेतात कांदा लावायला, खुरपायला जाणाऱ्या ज्या ताई आहेत, त्यांचं नाव कुठंच नाही. त्या म्हणजे आपल्याकडच्या वाढवणच्या बायका.

रेल्वे कायद्याप्रमाणे जमीन घेत असतील तर अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत नोंदवता येते. २०१३ च्या कायद्यातल्या मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी २०१५ पासून रेल्वेच्या भूसंपादनालाही लागू आहेत. ३० दिवस म्हणजे आपल्या चार बैठका. एक बैठक लग्नसराईत बुडाली की तीनच.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. मी या कामाला लागले तेव्हा नवीन होते, एमएसडब्ल्यूची पदवी घेऊन आलेली, फॉर्म भरायची घाई. गटाच्या नोंदणीत 'व्यवसाय' असा रकाना असतो. त्यात मी सरसकट 'गृहिणी' लिहीत सुटले. समोर बसलेली ताई सकाळी मजुरीला जाऊन आलेली, दारात दोन शेळ्या, संध्याकाळी शिलाई मशीन, आणि मी लिहिलं गृहिणी. तिनंही काही म्हटलं नाही. कर्जाच्या नोंदीतही तसंच. बोकड घ्यायला दहा हजार उचलले तरी कारण लिहायचं 'घरखर्च', कारण लिहायला सोपं. उद्या कुणी विचारलं, तुमची उपजीविका काय होती, पुरावा दाखवा, तर आपल्याच हातानं लिहिलेला कागद आपल्याविरुद्ध बोलेल.

आणि उलटं बघा. तीन वर्षं जगण्याचा पुरावा म्हणून कायदा जे मागतो, ते आपल्या गटाच्या दप्तरात तयार होऊ शकतं. दर आठवड्याच्या बैठकीचं इतिवृत्त, तारीख, सह्या, अंगठे, कर्जाचं कारण, परतफेड, बँकेचं पासबुक. मच्छीमार सोसायटीत बाईचं नाव नसेल, पण बचत गटाच्या वहीत 'सुकी मासळी खरेदीसाठी कर्ज रुपये पाच हजार' असं तीन वर्षं लिहिलेलं असेल, तर साहेबाला ते नुसतं बाजूला सारता येणार नाही. दशसूत्रीत लेखे अद्ययावत ठेवा म्हणतो, ते आपण तपासणीपुरतं धरतो. त्याचा हाही उपयोग आहे, हे मला स्वतःला वाढवणबद्दल वाचताना कळलं.

म्हणून या महिन्यापासून आपल्या प्रभागसंघातल्या सगळ्या गटांत एक काम करायचं ठरवलंय. सीआरपी ताई प्रत्येक सदस्याच्या नावापुढचा 'गृहिणी' शब्द तपासतील. ती खरंच जे करते ते लिहायचं: शेतमजुरी, कुणाच्या शेतात, किती वर्षं, शेळ्या किती, बाजारात काय विकते, माल कुठून आणते. घाऊक व्यापाऱ्याची पावती मिळत असेल तर वहीला टाचून ठेवायची, मिळत नसेल तर मागायची. एकट्या राहणाऱ्या ताईंची नोंद दिराच्या घरात करायची नाही. ज्यांची शेती रेल्वेच्या आखणीत यायची शक्यता वाटते त्यांनी सातबारा आणि आठ-अ चा ताजा उतारा काढून आणायचा. वारस नोंद राहिली असेल तर आधी ती करून घ्यायची, त्याला वेळ लागतो.

मावशींना मी परवा बाजारात भेटले. त्यांचे बोंबील मुंबईच्या व्यापाऱ्याकडून येतात, तो कुठल्या किनाऱ्याचा माल देतो हे त्यांना माहीत नव्हतं. "विचारून सांगते," म्हणाल्या. मग मला पावशेर जवळा बांधून दिला आणि गटाच्या वहीत त्यांचा धंदा कसा लिहायचा ते स्वतःच सांगितलं: "सुकी मासळी विक्री, बावीस वर्षं. नवऱ्याचं नाव लिहू नको, धंदा माझा हाय."